१२४ प्रूफ म्हणजे नक्की किती? बॅरल-प्रूफ बर्बन, खोबरं आणि पाण्याचा चमचा

हा ह्या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि मागून आलेल्या कुकरच्या शिट्ट्या काढल्यात, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१ लागतं, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५. तुम्ही त्याच्या आत असाल तर हा भाग रसायनशास्त्राचा तास समजून ऐका. त्यातही मजा आहे, खरंच.

विषय जाहीर केला तेव्हा एकाचा मेसेज आला होता. "भावा, तू जोतिबाच्या पायथ्याचा, रविवार पाळणाऱ्या घरातला, आणि दारूवर भाग करतोस?" प्रश्न रास्त आहे. केर्लीहून जोतिबाला चढणारा जो रस्ता आहे, त्याच्या खालच्या अंगाला आमचं घर. माघात रविवारचे खेटे घालायला पहाटे अनवाणी माणसं निघतात, ती आमच्या दारावरनं जातात. डोंगरावर बाटली न्यायची नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

आणि आमच्या भागात 'दारू' ह्या शब्दाला एकच अर्थ आहे. संध्याकाळी पगार संपवून गटाराच्या कडेला पडलेला माणूस, आणि त्याला उचलायला आलेली त्याची पोरगी. आपल्या राज्यात गावोगावी बायकांनी मतदान करून दुकानं बंद पाडलीत. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली, असं चिन्ह असतं. आमच्या आईला बर्बन म्हणजे काय ते माहीत नाही, पण आडवी बाटली म्हणजे काय ते पक्कं माहीत आहे. तिच्या बाजूनं बघितलं तर ती चूक नाही.

मग हा भाग का? कारण आता आमच्याच वयाची पोरं पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला आहेत. येताना ड्यूटी-फ्रीमधनं बाटल्या आणतात. आपल्या कायद्यानं परदेशातनं येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू बिनाकराची आणता येते. त्यातल्या काही बाटल्यांवर 'बॅरल प्रूफ' लिहिलेलं असतं. ती बाटली पन्हाळ्याच्या एखाद्या फार्महाउसवर फुटते, आणि पोरं ती नेहमीच्या व्हिस्कीच्या मापानं ओततात. हिशोब तिथंच चुकतो. त्या बाटलीवरचा आकडा वाचता येणं हे चवीच्या आधीचं काम आहे.

तर आकड्यापासनंच सुरू करू.

आपल्या दुकानातली कुठलीही नेहमीची व्हिस्की उचला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ४२.८ टक्के असं लिहिलेलं दिसेल. कधी विचार केलाय, ४२.८ च का? ४० का नाही, ४५ का नाही? इतका विचित्र आकडा कुणी ठरवला?

हा आकडा म्हणजे आपल्या सरकारी सिस्टिममधला इंग्रजांचा जुना कोड आहे, जो कुणी बदललाच नाही. इंग्लंडमध्ये दारूवर कर बसवायला तिचा जोर मोजावा लागायचा. गोष्ट अशी सांगतात की बंदुकीच्या दारूवर ती प्यायची दारू ओतायची आणि काडी लावायची. पेट घेतला तर माल खरा, त्याचा पुरावा झाला. पुरावा म्हणजेच प्रूफ. (आपल्या भाषेत दोन्हीला 'दारू'च म्हणतात, त्यामुळे आपल्याला ही गोष्ट ऐकायला जास्तच मजा येते.) नंतर हायड्रोमीटर आले आणि प्रूफची नेमकी व्याख्या झाली. ब्रिटिश १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७.१ टक्के अल्कोहोल. त्याचे ७५ टक्के काढा. ५७.१ गुणिले ०.७५. उत्तर ४२.८. जुन्या बाटल्यांवर '७५ डिग्री प्रूफ' किंवा '२५ यू.पी.' म्हणजे प्रूफपेक्षा २५ नं खाली, असं छापलेलं असायचं. ब्रिटननं ती पद्धत १९८० मध्ये सोडली. आपण टक्के लिहायला लागलो, पण आकडा तोच राहिला.

अमेरिकेचं प्रूफ मात्र वेगळं आणि सोपं. टक्क्याच्या दुप्पट. ५० टक्के म्हणजे १०० प्रूफ. माझ्या मावसभावानं टेक्सासहून आणलेल्या बाटलीवर १२४ आहे, म्हणजे ६२ टक्के. भारतातल्या जुन्या माणसाला ७५ प्रूफची सवय आणि समोर १२४, तर तो म्हणेल दीडपटीच्या वर गेली. प्रत्यक्षात ६२ भागिले ४२.८, म्हणजे जवळजवळ दीडपट. दोन वेगळ्या युनिटची तुलना झाली आणि तरी उत्तर जवळपास आलं, हा निव्वळ योगायोग. भरवसा ठेवू नका, टक्के बघा.

आता 'बॅरल प्रूफ' म्हणजे काय ते. नेहमीची व्हिस्की पिंपातनं काढली की त्यात पाणी घालून ४०, ४२.८, ४३ अशा ठरलेल्या आकड्यावर आणतात. बॅरल-प्रूफमध्ये ती पायरी गाळलेली असते. पिंपात जेवढा जोर होता, जवळपास तेवढाच बाटलीत. अमेरिकेत १९७९ पासून ह्याला सरकारी नियम आहे. बाटलीतला आकडा पिंपातल्या आकड्यापेक्षा दोन प्रूफहून जास्त खाली असेल तर लेबलवर बॅरल प्रूफ म्हणता येत नाही. स्कॉटलंडमध्ये आणि आपल्याकडे ह्यालाच 'कास्क स्ट्रेंथ' म्हणतात.

आणि बर्बन? तिच्या अटी ठरलेल्या आहेत. धान्यात निदान ५१ टक्के मका. डिस्टिल करताना जोर ८० टक्क्यांच्या वर न्यायचा नाही. पिंपात भरताना ६२.५ च्या वर नाही. पिंप ओकच्या लाकडाचं, नवं, आणि आतून जाळलेलं. नुसतं शेकलेलं नाही, जाळलेलं, इतकं की आतला थर कोळसा होतो. आणि बाहेरून रंग किंवा चव काही घालायची नाही. बाटलीत दिसणारा तो तांबूस रंग सगळा त्या जळक्या लाकडाचा.

आता प्रश्न येतो की ६२.५ च्या आत भरली, तर काही बाटल्या ६५-६६ टक्क्यांच्या कशा? पिंपात अल्कोहोल वाढतं का? वाढत नाही. पाणी कमी होतं.

जुन्या घरात पत्र्याखालचा माळा असतो ना, एप्रिलमध्ये तिथं पाच मिनिटं थांबवत नाही. आणि त्याच घरात खाली शेणानं सारवलेल्या सोप्यात गार. केंटकीतली गोदामं अशीच असतात, अनेक मजली, वरती पत्र्याचं छप्पर. वरच्या मजल्यावर कोरडी उष्ण हवा. लाकडाच्या छिद्रांतनं पाणी आणि अल्कोहोल दोन्ही उडतात, पण कोरड्या हवेत पाणी जास्त वेगानं जातं. मागं राहिलेल्या मालाचा जोर चढतो. स्कॉटलंडमध्ये हवा गार आणि दमट. तिथं उलट होतं, अल्कोहोल जास्त जातं आणि वर्षानुवर्षं जोर उतरत जातो. म्हणून बॅरल-प्रूफचा आकडा प्रत्येक बॅचला वेगळा असतो. केंटकीतली 'एलिजा क्रेग बॅरल प्रूफ' तर बॅचला चक्क व्हर्जन नंबर देते. पहिलं अक्षर म्हणजे वर्षातली कितवी बॅच, मग महिना, मग साल. ए१२३ म्हणजे २०२३ ची पहिली बॅच, जानेवारीची. रिलीज नोट वाचल्यासारखं वाटतं मला. असं सगळ्यांनी केलं तर किती बरं होईल.

उडून जाणाऱ्या ह्या भागाला इंग्रजीत देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडमधले देवदूत वर्षाला साधारण २ टक्के घेतात. आपल्याकडचे जास्त तहानलेले आहेत. गोव्यात कुंकळ्ळीला 'पॉल जॉन' नावाची सिंगल माल्ट बनते, तिथं हा वाटा वर्षाला ८ टक्क्यांच्या आसपास सांगतात. हिशोब करा. २०० लिटरचं पिंप, दर वर्षी ८ टक्के कमी, पाच वर्षांनी उरतात सुमारे १३२ लिटर. एक तृतीयांश माल हवेत गेला. म्हणून आपल्याकडे बारा-अठरा वर्षांच्या व्हिस्कीची वाट बघणं परवडत नाही. पण उन्हामुळे लाकूड आणि माल ह्यांचं एकमेकांशी बोलणंही भराभर होतं.

गोव्याचं नाव उगाच नाही घेतलं. बर्बनला पिंप नवंच लागतं, म्हणजे एकदा वापरलेलं पिंप केंटकीत परत बर्बनसाठी चालत नाही. मग ती पिंपं जगभर विकली जातात. बरीच स्कॉटलंडला जातात, काही गोव्याला. पॉल जॉनची व्हिस्की जी मुरते, ती आधी बर्बन ठेवलेल्या पिंपात. त्यांची 'क्लासिक सिलेक्ट कास्क' ५५.२ टक्क्यांची आहे. बंगळूरच्या 'अमृत'ची कास्क स्ट्रेंथ ६१.८ टक्क्यांची. म्हणजे बर्बनच हवी असा हट्ट नसेल, तर बॅरल-प्रूफचा अनुभव देणारा माल आपल्या शेजारीच तयार होतो. बर्बनवरची कस्टम ड्यूटी फेब्रुवारी २०२५ मध्ये १५० टक्क्यांवरनं १०० वर आली, तरी १०० म्हणजे १००च की. खिशाला ते कळतं.

जाता जाता आणखी एक. आपल्या स्वस्त व्हिस्क्यांपैकी बऱ्याच व्हिस्क्यांचा पाया धान्य नसून मळीचं स्पिरिट असतो. साखर कारखान्यातली मळी. म्हणजे जोतिबाच्या डोंगरावरनं खाली बघितलं की जो हिरवागार ऊस दिसतो, त्यातला काही फिरून फिरून ग्लासात येत असणार. युरोपच्या नियमात ह्याला व्हिस्की म्हणता येत नाही, कारण तिथं धान्य आणि तीन वर्षं पिंप ही अट आहे. मी इथं कुणाला नावं ठेवत नाही. पण बर्बनची चव आपल्याला एकदम 'वेगळी' का लागते, त्याचं अर्धं उत्तर हे आहे.

आता चवीकडे.

पहिला घोट घेतला की तोंड पेटतं. लोक म्हणतात, जोर आहे. हा जोर म्हणजे चव नव्हे, हे समजून घ्यायला कोल्हापूरकराला दोन मिनिटं पुरतात. आपल्या जिभेवर आणि तोंडाच्या आत टीआरपीव्ही-१ नावाचे रिसेप्टर असतात. त्यांचं काम उष्णता ओळखणं. साधारण ४२ अंशाच्या वर काही लागलं की ते मेंदूला सांगतात, भाजतंय. मिरचीतलं कॅप्सायसिन ह्याच रिसेप्टरला चालू करतं. तांबडा रस्सा गार झाला तरी तोंड भाजतं ते म्हणून. अल्कोहोल जरा वेगळी खोडी करतं. ते ह्या रिसेप्टरची मर्यादा ४२ वरनं ३४ अंशांच्या आसपास खाली आणतं. आपलं तोंड किती अंशांचं? सदतीस. म्हणजे तुमच्याच तोंडाची ऊब तुम्हाला भाजते. अलार्म बरोबर आहे, थ्रेशोल्ड कुणीतरी बदललाय.

ह्यातनं दोन व्यवहारी गोष्टी निघतात. एक, बॅरल-प्रूफबरोबर तांबडा रस्सा किंवा मिसळ घेऊ नका. दोन्ही एकाच घंटेवर हातोडा मारतात, मग ना रश्शाची चव कळते ना व्हिस्कीची. आधी पोटभर साधं जेवा, आणि बरोबर भाजलेले बिनमिठाचे शेंगदाणे ठेवा. दोन, पहिला घोट चवीसाठी नसतोच. तो तोंडाला सवय लावायला. अगदी थेंबभर, जिभेवर पसरू द्यायचा, अर्धा मिनिट थांबायचं. दुसऱ्या घोटापासनं मोजायचं. केंटकीत घोट तोंडात घोळवून घास चावल्यासारखा चावतात. बघायला विनोदी दिसतं, पण त्यानं तो तोंडभर पोचतो.

घोटाच्या आधी वास. ग्लास तोंडाशी निमुळता असेल तर बरा. वाइनचा लहान ग्लास चालतो. ओतली की दहा मिनिटं नुसतं ठेवा. पहिल्यांदा नाकात जातो तो सगळा अल्कोहोलचा झटका, तो जरा उडू दे. मग ग्लास नाकात खुपसायचा नाही. हनुवटीपाशी धरायचा, ओठ किंचित उघडे ठेवायचे, आणि हळू वर आणायचा. ६२ टक्क्यांत नाक घातलं तर दोन मिनिटं नाक बंद, पुढचं सगळं आंधळं.

इथपर्यंत कुठल्याही व्हिडिओत सांगतील. पुढं काय होतं की तो व्हिडिओवाला म्हणतो, "व्हॅनिला, टॉफी, चेरी पाय." आता चेरी पाय आपण कधी खाल्लाय? मग आपल्याला वाटतं, आपलं नाक गावठी. ह्यात आपलं बोलणं थांबतं, आणि मग फक्त 'कडक आहे', 'स्मूद आहे' एवढे दोन शब्द उरतात.

माझं म्हणणं असं, की जोतिबाच्या पायथ्याला वाढलेल्या माणसाकडे ह्या कामासाठी लागणारं नाक भरपूर आहे. शब्द फक्त आपले वापरायचे.

खोबऱ्याचं घ्या. चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचतात, गुलाल आणि खोबरं उधळलं जातं, आणि डोंगरभर त्या सुक्या खोबऱ्याचा तेलकट-गोड वास असतो. अमेरिकन ओकच्या लाकडात लॅक्टोन नावाचा पदार्थ असतो, युरोपच्या ओकपेक्षा बराच जास्त. त्याचा वास खोबऱ्याचा. खोबऱ्यासारखा म्हणजे लांबनं तुलना नाही, तो ओळखला जातो तोच खोबऱ्याच्या वासानं. बर्बनमध्ये पहिल्यांदा मला जे ओळखीचं लागलं ते हे.

मग लाकडातलं लिग्निन जळून व्हॅनिलिन तयार होतं, त्याचा तो आइस्क्रीमचा वास. लाकडातल्या साखरा जळून काकवीचा वास. युजेनॉल नावाचा पदार्थ लाकडातनं येतो, तोच लवंगेतला मुख्य वास. म्हणजे लवंग, काकवी, खोबरं. चेरी पाय कशाला हवा?

आणि गुऱ्हाळ. ज्यानं गुऱ्हाळावर रात्र काढलीय त्याला चव-वासाचं वेगळं ट्रेनिंग लागत नाही. चुलवाणावर काहील, तिच्यात रस आटतोय. आधी गवताळ हिरवा वास, मग भेंडीच्या चिकट पाण्यानं मळी वर येते ती काढतात, मग उकळी, मग काकवीचा वास, आणि मग एक क्षण येतो जिथं गुळव्या मान वर करतो. थर्मामीटर नाही. बुडबुड्यांचा आवाज बदलतो, वास बदलतो, आणि तो म्हणतो, उतरवा. एक मिनिट उशीर झाला तर करपतो, लवकर उतरवला तर गूळ बसत नाही. तो वास सांगायला त्याच्याकडे शब्द कमी असतील, पण फरक त्याला आपल्यापेक्षा दहापट बारीक कळतो. मी बर्बनचा वास घेताना तोच प्रश्न विचारतो. काकवीच्या अलीकडचा वास की पलीकडचा? जळका कोळसा आहे की नुसता शेकलेला? अशानं उत्तर पटकन मिळतं.

दवण्याचंही सांगतो. जोतिबाला दवणा वाहतात, चैत्रात आमच्याकडे हात दिवसभर दवण्याचा वास देतात. गोड, हिरवा, थोडा सुकवलेल्या फळासारखा. ज्या बर्बनमध्ये मक्याबरोबर राय धान्य जास्त असतं, तिच्यात पाणी घातल्यावर मला तो वास येतो. हे माझं मत, रसायनशास्त्र नव्हे. तुम्हाला पुदिना वाटेल, कुणाला बडीशेप.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते पाणी.

आपल्याकडे एक खोटी मर्दानगी आहे. पाणी घातलं म्हणजे हरला. बॅरल-प्रूफ नीट घेतली म्हणजे शर्यत जिंकली. माझ्या मते ह्याच्यासारखा पैशाचा नास दुसरा नाही. कंपनीनं पाणी घातलेलं नाही, ते तुम्ही तुमच्या तोंडाला झेपेल तसं घालावं म्हणून. फोटोची रॉ फाइल असते ना, तशी ही बाटली. रॉ फाइल एडिट न करता टाकायची नसते.

ह्याला विज्ञानाचा आधार आहे. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी, कार्लसन आणि फ्रीडमन ह्यांनी, ग्वायाकॉल नावाच्या धुरकट वासाच्या रेणूचा कॉम्प्युटरवर अभ्यास केला. ४५ टक्क्यांच्या खाली तो रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतो, म्हणजे नाकाजवळ. ५९ च्या वर गेलं की अल्कोहोलचे रेणू त्याला वेढतात आणि तो आत ओढला जातो. त्यांनी एकाच रेणूचं मॉडेल केलं होतं, सगळ्या व्हिस्कीचं नाही. तरीही चमचाभर पाणी घातल्यावर ग्लास 'उघडतो' असं जे जुने लोक सांगतात, त्याला कारण आहे एवढं कळतं.

किती घालायचं? सूत्र अगदी छोटं. माल गुणिले (आताचा आकडा भागिले हवा तो आकडा, वजा एक). ३० मिली, ६२ टक्के, ५० वर आणायची: ३० गुणिले ०.२४, म्हणजे ७ मिली. घरातला औषधाचा चमचा ५ मिलीचा, म्हणजे दीड चमचा. नेहमीच्या ४२.८ वर आणायची तर साडेतेरा मिली, पावणेतीन चमचे. मी काय करतो, अर्धा चमचा घालतो, वास घेतो, घोट घेतो, परत अर्धा. एका ग्लासात पाच वेगवेगळ्या व्हिस्क्या प्यायल्यासारखं होतं, आणि प्यायली जाते तीसच मिली. माझ्या बाटलीत ५२-५३ च्या आसपास खोबरं पुढं येतं, ४६ च्या खाली गेलं की ती पातळ वाटायला लागते आणि लाकडाचा तुरटपणा उरतो. तुमचा आकडा वेगळा असेल. साधं पिण्याचं पाणी वापरा, बोअरचं जड पाणी नको. बर्फ पहिल्या ग्लासाला नको, थंडीनं वास बसतो. पाणी घातल्यावर जरा गढूळ झाली तर घाबरू नका. बहुतेक बॅरल-प्रूफ थंड करून गाळलेली नसते, तिच्यातले तेलकट घटक पाण्यात दिसायला लागतात. भेसळ नाही ती.

आता तो मघाचा फार्महाउसचा हिशोब. ६० मिलीचा मोठा पेग, ६२ टक्के. त्यात शुद्ध अल्कोहोल ३७ मिली. नेहमीच्या ४२.८ च्या व्हिस्कीत एवढं अल्कोहोल ८७ मिलीत असतं. म्हणजे तुम्ही 'दोन पेग' म्हणून जे प्यायलात ते शरीराला जवळजवळ तीन आहेत. दोनदा ओतलं की सहा. आणि बर्बन गोडसर लागते, कोकमध्ये तर कळतच नाही. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला बॅरल-प्रूफचा एकच तीस मिलीचा पेग त्या रेषेपर्यंत नेऊ शकतो. आणि पन्हाळा काय, जोतिबा काय, दोन्हीकडनं खाली यायला घाटच आहे. मुक्काम असेल तरच बाटली उघडायची, हा आमच्या ग्रुपचा नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला परत बोलवत नाही.

आईनं ती बाटली बघितली होती. तिनं विचारलं, "किती दिवसात संपंल ही?" मी म्हटलं, "वर्ष जाईल." ती म्हणाली, "मग ती दारू न्हवं, औषध हाय." तिला पटलं असं मी म्हणणार नाही, पण कपाट तिनंच दाखवलं, वरचं, रविवारी न उघडायचं.

वर्षभर ठेवायची तर बाटली उभीच ठेवा. वाइनसारखी आडवी केली तर इतक्या जोराचं अल्कोहोल बूच खातं. ऊन लागू देऊ नका. तळाशी पाव उरली की आतल्या हवेनं वास उतरायला लागतो, तेव्हा ती लहान बाटलीत काढा किंवा मित्रांना बोलवा.

शेवटचा प्रश्न बऱ्याच जणांचा आहे, म्हणून उत्तर देतो. गोव्याहून येताना पॉल जॉन आणू का? गोव्यात वयाची अट १८ आहे आणि दर कमी आहेत, पण तिथल्या बाटलीवर फक्त गोव्यात विक्रीसाठी असं छापलेलं असतं. ती महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, आणि राज्य उत्पादन शुल्कवाले आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर नेमकं तेच शोधत उभे असतात. गोव्यातच मुक्काम करा, तिथंच तीस मिली घ्या, चमचा बरोबर न्या. महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक दिवसाचा, वर्षाचा, आयुष्यभराचा, असे मिळतात.

पुढचा भाग काजूच्या फेणीवर आहे. तुमच्या घरच्या ज्या वासाला तुमच्याकडे खास शब्द आहे, तो मला पाठवा. फेणीसाठी लागणार आहेत.